सेठची माय काहून नाई रडली?

पिच्चर आमी एकच काढला. पन त्याच्यावर लोकं जे बोलले ते गोळा केलं, त खळ्यात कुटाराचा लागते तसा ढीग लागन! जो भेटते तो त्यात आपली एक पाटी टाकूनच जाते. टपरीवर, यष्टीत, लग्नाच्या पंगतीत. मांगं एका मयतीले गेलतो. तिरडी बांधून राहिलो, त बाजूचा मानूस सुतळी ताननं सोडून मले इच्यारते, "वासुभाऊ, त्या सेठची माय काहून नाई रडली?"

आता सांगा! सामोर खरी मयत पडेल हाय, अन् याले पिच्चरच्या मयतीची काळजी!

मी डोक्यानं गरम मानूस हाव. चौथीत मास्तरसंगं भांडन झालं, तवाच शाळेले पाठ दाखवली. त मी सांगतो ते असंच, तोंडात येईन तसं. आयकाचं त आयका, नाई त उठा.

* * *

पयले पिच्चर कसा निघाला ते सांगतो, म्हनजे मंग भांडन नको.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या इकडं. रुक्माताई माही मोठी बहीन. तिले लेकरू झालं नाई म्हनून नवऱ्यानं आनून सोडली. तवापासून माहेरीच हाय, तिच्या वाट्याचं वावर तीच करते. अन् वावर असं करते का मी त तिच्या धुऱ्यावर उभा राहून शिकलो. गावात रीत होती. सरकी लावाची असली का पयली मूठ ताईची. साऱ्याईच्या वावरात. ती पदर खोचून पयले दाने मातीत टाके, मंग बाकीच्या बाया तिच्या मांगं. तिचा हात लागला का उगवन भरगच, असं सारं गाव म्हने.

मंग आमच्याच गावच्या बबननं बी-बियान्याचं दुकान टाकलं. काल-परवा लोक त्याले बबन्या म्हनत, दुकान टाकल्याबरोबर बबनसेठ झाला! त्या साली अर्ध्या गावानं त्याच्या थैल्या आनल्या. मीबी आनली. वावरं निरी बोडखी राहिली. दहा हातात एक झाड, तेबी पिवळं.

सारे गेलो दुकानावर. मी सामोर. बबननं काय म्हनाव? "थैली चांगली हाय. तुमच्यात पयली मूठ कोनं टाकली थे पाहा. रुक्मीनं ना? हातच वांझोटा हाय तिचा, त उगवन कसं?"

ताई तिथंच उभी होती. साऱ्या गावासामोर म्हनलं त्यानं हे.

मी कॉलर धरली त्याची, पन लोकायनं मलेच मांगं ओढलं. अन् पुढच्या मिरगात काय झालं मालूम हाय का? एकाबी घरून ताईले बलावनं आलं नाई. एकाबी! बियानं खराब निघालं हे समजत होतं साऱ्याईले, पन हाताचं डोक्शात बसलं. असे भैताड लोकं!

तवा सलीम आमच्या गावात एका लग्नाची शूटिंग कराले आलता. मूर्तिजापूरले टेशनच्या बाजूले त्याचं फोटोचं दुकान हाय. त्याले भुताचा पिच्चर काढाचा भल्ला शौक. ताईची गोष्ट आयकली अन् लग्नातली जिलबी हातात घेऊन उभाच राहिला. "वासुभाऊ, ये तो पिक्चर है! बाई मरती, भूत बनती, सेठ से बदला लेती!"

मी म्हनलं, "मारू का एक? बहीन हाय माही."

मांगून ताई म्हने, "मी बनतो भूत."

सलीमनं जिलबी खिशातच घातली.

ताई म्हने, "फक्त एक सांगतो. बबननं पायला पायजे. साऱ्याईसंगं बसून."

एवढीच तिची अट. पिच्चरचं नाव ठेवलं 'सरकीचा सूड'. सेठ बाईले विहिरीत ढकलते, अन् ती भूत होऊन वापस येते. सेठ व्हायले कोनी तयार होईना, त पोट अन् मिशा पाहून मलेच केलं. ज्यानं मले बुडवलं त्याचंच सोंग माह्या गळ्यात!

* * *

आता शूटिंगचं आयका, काहून का सारी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

शेवटी भूत सेठच्या तोंडात त्याच्याच दुकानातली सरकी कोंबते, अन् सेठ गुदमरून मरते. सलीमनं सरकी गुलालात घोळली, म्हनजे कंपनीच्या बियान्यासारखी लाल दिसन. दोन दिस लाल थुंकलो मी. पन मेलो मात्र एकदम कडक! पाय झाडले, डोळे फिरवले, सलीमच्या डोळ्यात पानी आलं.

आता मुडद्यावर सेठची माय रडनार. माय म्हनून आमच्या शेजारची गोदामावशी घेतली. गोदामावशी रडन्यात नंबर एक. दूरच्या गावची मयत असली तरी तिले नेतात, ती गेल्याशिवाय मयतीले रंगत येत नाई.

सलीम म्हने, "मावशी, बेटा मरा तुम्हारा. रोओ!"

मावशी माह्याकडं पाहे. नुसती पाहे.

"मावशी, रो ना!"

मावशी म्हने, "कायले रडू?"

"अवं पोरगा मेला ना तुहा!" मी मुडदा असून बोललो.

"मेला त मेला. माह्या चार एकरात एक झाड उगवलं नाई याच्यापायी. याच्यासाठी डोळ्यातलं पानी काढू? वावराले पानी नाई अन् याले देऊ?"

मी म्हनलं, "मावशी, मी वासू हाव! सेठ नाई!"

"व्हय, पन आता त सेठच हायस ना?"

कांदा आनला, चोळला. डोळे लाल झाले, पन मावशी म्हने हे कांद्याचं पानी हाय, याच्यासाठी नाई, अन् पदरानं पुसून घेतलं. तवरोक सलीमची बॅटरी संपली. पिच्चरमधे तसंच राहिलं. सेठ मरून पडेल हाय, अन् माय खांबाले टेकून त्याच्याकडं अशी पाहे, जशी बाजारात सडकी भेंडी पाहून राहिली!

जिथं गेलो तिथं हाच सवाल. माय काहून नाई रडली? मी एवढा जीव तोडून मेलो, त्याचं कोनी नावच नाई घेत!

* * *

सलीमले टीव्हीवर पाहून एक खोड लागलती. पिच्चर संपला का माइक घेऊन पब्लिकमधे शिरे. "बोलिये, कैसा लगा? अपना अपना राय दीजिये!" अरे, वऱ्हाडात मानसाले माइक देनं म्हनजे बैलाले मोकळं सोडनं हाय!

पयला खेळ मूर्तिजापूरच्या बाजूच्या एका गावात लावला. शाळेच्या भिंतीवर चादर, सलीमचा जनरेटर, सामोर सारं गाव. सेठ सांजेच्या वक्ती दुकानात बसला हाय, डोक्यावर बल्ब जळून राहिला, भूत दारात येते, अन् बल्ब फट्कन बंद!

सलीमले वाटलं आता लोकं किंचाळतात. कायचं! मांगून एक आवाज आला, "भूत नाई बे, लाइन गेली! रोजचंच हाय!" सारी पब्लिक हासली. भूत बिचारं अंधारात दात दाखवत उभं, त्याच्याकडं कोनी पाहेना!

मंग माइक फिरला. एक धोतरवाले बुढे उभे राहिले. "भूत दाखवलं, मान्य हाय. आमच्या निंबावरबी होतं. पन सांजेच्या सातले लोडशेडिंगच्या टाइमात बल्ब चालू हाय, हे नाई मानत आमी. एवढी थाप नाई माराची!"

साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या.

मी उठलो. "अहो आजोबा, मेलेली बाई विहिरीतून निघून येऊन राहिली, ते खरं वाटलं, अन् बल्ब खोटा वाटला?"

"मेलेलं वापस येऊ शकते," बुढे म्हने. "लाइन नाई येत."

जाताना एकजन म्हने, "बाकी बेस. फक्त त्याची माय काहून नाई रडली?"

घरी आलो त ताईनं पानी देल्ल्याबरोबर इच्यारलं, "बबन आलता का?"

"नाई."

"बरं," म्हने.

* * *

दुसरं गाव खारपानपट्ट्यातलं. तिकडच्या विहिरीचं पानी तुमाले मालूम हाय, तोंडात घेतलं का मिठाची पुडी फोडल्यावानी. तिथं आमी चादर लावली.

भूत विहिरीतून निघते तो सीन आमच्या मामाच्या विहिरीवर काढलता. ताई हिरवं लुगडं नेसून, केस मोकळे, निथळत वर येते. खरं सांगतो, मी सख्खा भाऊ, मलेबी कापरं भरते.

तिथं त असा सन्नाटा पडला का पोट्टे रडनं विसरले. कोनी खोकलं नाई. कोनी हासलं नाई. सलीम माह्या कानात म्हने, "वासुभाऊ, देखा? पब्लिक डर गई!" एवढा खूश झाला का तिथंच माइक घेऊन धावला. सामोरच एक मानूस तोंड उघडं टाकून चादरीकडं पाहून राहिलता.

"चाचा, डर लगा?"

त्या मानसानं माइक धरला. गिळलं. हळूच म्हने, "पानी गोडं हाय का हो?"

मांगून बाया वराडल्या, "कोनाची विहीर हाय ते इच्यारा! किती खोल हाय? उन्हाळ्यात टिकते का?"

भूत तसंच निथळत उभं! माही बहीन चैत्रात त्या गार पान्यात सकाऊनपासून उतरेल होती, बोटं पांढरी पडलती तिची, अन् हे पाहून राहिले पानी! दुसऱ्या दिशी मामाचा निरोप आला का वासू, तुह्या पिच्चरचं नाव सांगत तीन बैलबंड्या ड्रम घेऊन आल्या हायेत, याईचं काय करू? आता याले पिच्चर म्हनाव का विहिरीची जाहिरात?

मी लय चिडलो. ताई मात्र म्हने, "देऊ दे मामाले पानी. तहानेलं मानूस भुताले कायले भिते?" अन् मंग, "बबन?"

"नाई आला व ताई."

* * *

शेंदूरजनाघाटचे लोकं संत्र्यावाले. म्हनलं हे शिकले-सवरले, बागायतदार, हे कदर करतीन.

भूत सेठच्या गुमास्त्याले संत्र्याच्या बगिच्यात मारते. झाडामांगून हळूच तोंड काढते, गुमास्ता मांगं सरकते, भूत हात लांबवते...

"थांबव! थांबव!" सामोरच्या खुर्चीवरून एकजन ओरडला. "मांगं घे! उलसंक मांगं घे!"

सलीमनं सीडी मांगं घेतली. मले वाटलं सीन आवडला, पुन्ना पाहाचा असन.

"हां, बस बस. आता भूत बाजूले सार, झाड दाखव!"

दुसरा उठून चादरीपाशीच गेला. भुताच्या कानापाशी बोट ठेवून म्हने, "हे पाहा. खोडातून डिंक गळून राहिला. डिंक्या हाय! पक्का डिंक्या!"

तिसरा म्हने, "नाई, हे पानी जास्त झालं."

चौथा म्हने, "आळं चुकलं. खोडाले पानी लागलं."

अर्धा घंटा! अर्धा घंटा माही बहीन झाडामांगून हात लांबवून उभी, गुमास्ता तोंड वासून उभा, अन् हे लोकं खोडाचा इलाज करून राहिले! मी माइक हिसकला. "अबे, मानूस मरून राहिला तिथं!"

त एक बागायतदार मलेच समजावते, "मानूस मरन हो, नवा येईन. झाड मेलं त सात वर्स पुन्ना थांबा लागते!"

अन् हेच लोकं निंगताना म्हनतात, "सेठची माय रडली नाई, हे काही पटलं नाई बुवा."

अरे, तुमी पायली कवा माय? तुमी त खोड पाहून राहिलते!

* * *

आता माह्या अंगावरचं सांगतो.

नांदगावच्या बाजारात खेळ झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथंच भाजी घ्याले गेलतो. एक बुढी मेथीच्या जुड्या लावून बसेल. माह्याकडं पायलं. पुन्ना पायलं. अन् उठून मेथीची जुडी घेऊन फाडकन् माह्या तोंडावर हानली!

"बाईले विहिरीत ढकलतं का रे मुडद्या? बोगस बियानं इकतं का?"

बाजार जमा झाला. मी ओरडलो, "अवं आजी, मी सेठ नाई! थे सोंग होतं! मीबी त्याच बियान्यात फसेल हाव, माहं वावरबी बोडखं राहिलं!"

बुढीनं माह्याकडं खालून वरपर्यंत पायलं. "फसला तूबी?"

"व्हय ना आजी!"

"अन् मंग त्याचंच सोंग घेतं? शरम नाई वाटत?" अन् दुसरी जुडी हानली!

वरून म्हने, "मोडली आता जुडी. हे घरी घेऊन जाय. अन् तुह्या मायले इच्यार, तू मेला त ती काहून नाई रडली. बरंच केलं म्हना तिनं!"

तोंडावर मेथीचे पानं घेऊन घरी आलो. ताई आयुष्यात पयल्यांदा पोट धरून हासली. मंग डोळे पुसत इच्यारलं, "बबननं आयकलं असन ना आता तरी? एवढा बाजारभर बोभाटा झाला."

आयकलं होतं त्यानं. निरोपबी आलता त्याचा. "मले असे फालतू पिच्चर पायले टाइम नाई." मी ताईले सांगितलं नाई ते.

* * *

एक राय मात्र मले सोळा आने पटली. सलीमच्या अम्मीची. सलीमनं घरीच टीव्हीवर सीडी लावून देल्ली. अम्मीनं सारा पिच्चर पायला. सलीम इच्यारते, "अम्मी, कैसा लगा? डर लगा?"

अम्मीनं चप्पलच उचलली. "बडी बहन को कुएं में उतारा तूने? दिनभर? चाय दी थी उसको? सूखा कपडा दिया था?"

"अम्मी, वो भूत है..."

"भूत को ठंड नई लगती क्या?"

दुसऱ्या दिशी सलीम डबा घेऊन आमच्या घरी. शेवया, अन् एक नवी शाल. म्हने, "अम्मी ने भूत के लिए भेजा है." ताईनं शाल घेतली, घडी मोडली, पुन्ना घडी घातली, अन् देवापाशी ठेवून देल्ली.

* * *

अमरावतीचं सांगतो अन् मंग शेवटचं.

सलीम म्हने शहरात सीडी ठेवू, तिथं भाड्यानं जाते. गेलो तिघंबी एका सीडीच्या दुकानात. दुकानवाला केस चोपडून बसेल, चष्मा कपाळावर. थोडासा पिच्चर पळवून पळवून पायला.

"हिरोईन कोणती?"

"भूतच हिरोईन हाय," सलीम म्हने.

"एवढी वयस्कर? अहो, भूत म्हटलं म्हणजे कसं, गोरं पाहिजे. पांढरी साडी, बारीक कंबर. हे काय हिरवं लुगडं? भुतानं पदर खोचलाय! हे भूत आहे की निंदायला निघाली?"

माहं डोस्कं तापून राहिलतं. ताई बाजूलेच उभी, त्याले मालूमबी नाई का हीच ते भूत.

मंग तो सीन आला. भुताच्या मुठीत सरकी हाय, मूठ हळूहळू उघडते, पडद्यावर फक्त हात. तो म्हने, "हे पहिले कापा. काय हात आहे हा! भेगा पाहा, नखं पाहा. असा हात दाखवता का पडद्यावर? लोकं सीडी परत आणून देतील."

मी टेबलावरून तिकडं गेलो. सरळ टेबलावरून! त्याची कॉलर धरली. "त्या हातासाठी पिच्चर काढला बे आमी! त्याच हातासाठी!" सलीम मांगून मले ओढे, सीड्या खाली पडल्या, चष्मा कुठं गेला पत्ता नाई.

ताई तिथंच उभी होती. हात पाहून राहिलती आपला. उलटा केला, सुलटा केला. जसा दुसऱ्याचा असन.

यष्टी बडनेऱ्याले लागली. मंग ताई म्हने, "सलीम, पिच्चरमधलं काय काटाचं ते काट बापा. लोकं एवढं बोलून राहिले त काहीतरी चुकलंच असन. बल्ब काट, झाड काट. हात राहू दे."

सलीम खिडकीकडं तोंड करून बसला. म्हने, "दीदी, कुछ नई कटेगा."

* * *

आता शेवटचं.

मिरग आठ-दहा दिसावर आला. वखरनी झाली, वावरं तयार. ताईनं तेवढंच म्हनलं, "यंदाबी कोनी बलावनार नाई मले. एकदा आपल्या गावात लावून टाका, अन् मंग बंद करा हे."

मारोतीच्या पाराजवळ चादर लावली. दिवेलागनीले सारं गाव आलं. अन् पाहतो त काय! बबनसेठ! पांढरे कपडे, तोंडात पान, मांगं नोकर खुर्च्या घेऊन. संगं त्याची माय, भागाकाकू. थकेल, काठी टेकत. नंतर समजलं का बबनले यायचंच नोतं, भागाकाकूनंच धोशा लावलता का गावात एवढा पिच्चर आला, मले ने. मंग त्यालेबी वाटलं असन का नाई गेलो त लोक म्हनतीन भेला.

बसला सामोरच. मी ताईकडं पायलं. ती निंबाखाली उभी, पदर तोंडाले लावून. तिची अट पुरी झालती.

बबन सारा पिच्चर हासला. सेठ बाईले म्हनते, "हातच वांझोटा हाय तुहा," तिथंबी हासला. बाकी कोनी हासलं नाई. साऱ्या गावानं मांगं त्याच्या तोंडून हेच आयकेल होतं. बल्ब बंद झाला, कोनी बोललं नाई. विहीर आली, कोनी पानी इच्यारलं नाई. मी मेलो. गोदामावशी खांबाले टेकून पाहत राहिली, सडक्या भेंडीकडं पाहते तशी. पिच्चर संपला.

सलीम माइक घेऊन उभा, पन त्याचे पाय उचलेनात. बबननंच हात लांबवून माइक घेतला. पान थुंकलं. उठला नाई, बसल्या बसल्याच बोलला.

"पिच्चर ठीक हाय. पोट्ट्यायनं मेहनत केली. पन एक गोष्ट निरी खोटी हाय. सेठ मेला, सामोर मुडदा पडेल हाय, अन् माय रडत नाई. अरे, पोरगा कसाबी असो! सांगा मले, आपलं पोरगं मेल्यावर रडत नाई, असी कोनती माय असते?"

जनरेटर फटफट करे, तेवढाच आवाज.

भागाकाकू बाजूच्याच खुर्चीवर होती. चादरीकडंच पाहून राहिलती अजून, चादर पांढरी झालती तरी.

"मले त खरं वाटलं," ती म्हने.

माइक दोघाईच्या मधात होता. साऱ्या गावानं आयकलं.

"माय, तू चूप बस," बबन म्हने. तेबी साऱ्या गावानं आयकलं.

भागाकाकूनं काठी टेकली अन् उठली. मांगं वळून मानसायमधे शोधाले लागली. "रुक्मे! कुठं हाय व?"

"इथं हाव काकू." ताई निंबाखालून सामोर आली.

भागाकाकूनं तिचा हात धरला. तळवा वर केला. "मिरग लागला का सकाऊनच आमच्या वावरात येजो. सरकीची पयली मूठ तूच टाकजो."

ताईनं हात तसाच राहू देल्ला. म्हने, "काकू... बियानं?"

"घरचं हाय व बाई. गाडग्यात ठेवेल हाय," भागाकाकू म्हने. "याच्या दुकानातलं मी कदीच पेरलं नाई."